तीन पायऱ्यांसाठी चार बॉक्स

पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं अर्धं नाव. उरलेलं अर्धं दुसऱ्या फळीवर होतं. ती फळी आता कुठे आहे, मला माहीत नाही.

शंकरपाळ्यांचा वास.

जोरहाटची दमट हवा, एका गाठीत अजून अडकलेली.

पावणेचार फूट.

"मुझे उठाइए मत."

दातांचे व्रण. चार वरचे, दोन खालचे.

अमीनाबादेतून आणलेली काळी रबरी चटई, टोकाला झिजलेली.

आठ बोल्ट.

एका मुलीच्या तळहातांचा आवाज. चाकाच्या कड्यावर बसणारा, सुटणारा, पुन्हा बसणारा.

मित्रांनो, ही अडगळ नाही. हा मी आहे.

लखनौमध्ये सरोजिनी नगरच्या बाजूला, कानपूर रोडवरून आत वळलं की एक शाळा लागते. तिच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला मी तिरका पडलेला आहे. लोक मला रॅम्प म्हणतात. मी लाकडाचा आहे, चार तुकड्यांचा आहे, आणि चारही तुकडे वेगवेगळ्या बॉक्समधून आले आहेत. त्यामुळे मला माझं आयुष्य सलग आठवत नाही. प्रत्येक तुकड्याला आपापलं आठवतं. ज्याला जे आठवतं ते त्याने सांगावं, असं आम्ही ठरवलं आहे. तुम्ही गोंधळू नका. गोष्ट एकच आहे आणि ती पुढेच जाते.

बॉक्स क्रमांक ७

आमच्यातला सगळ्यात जुना मी. जोरहाटला एका सुताराने मला पाइनच्या फळ्या ठोकून तयार केलं, तेव्हा मैत्रेयी अजून जन्मायची होती.

हवाई दलातली नोकरी म्हणजे दर तीन वर्षांनी बदली, आणि बदली म्हणजे बॉक्स. कपडे, भांडी, देव, शिलाई मशीन, कुकरच्या शिट्ट्या, सगळं बॉक्समध्ये बसतं. झाकणाला कुलूप लागतं. बाहेरून काळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा, नंबर. मैत्रेयीचे बाबा सार्जंट विजय निकम यांच्या घरी असे अकरा बॉक्स होते. दिवाळी जवळ आली की माझ्यात शंकरपाळ्यांचा डबा ठेवायचे, कारण माझं झाकण सगळ्यात घट्ट बसायचं.

नव्या गावी सामान बाहेर निघालं तरी आम्हाला सुट्टी नसायची. दोन बॉक्स शेजारी शेजारी, वर गादी, गादीवर सोलापुरी चादर, की झाला दिवाण. पाहुणे आमच्यावर बसून चहा पीत, आणि आपण एका बदलीवर बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

मैत्रेयीच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. पाठ सरळ धरायलाही तिला उशिरा आलं. बिदरला असताना तिची आई प्रतिमा तिला जमिनीवर बसवायची आणि मला तिच्या शेजारी सरकवायची. माझी कड तिच्या काखेखाली यायची. ती कड धरून मैत्रेयी आधी एक मिनिट बसली, मग पाच, मग दूध पिऊन होईपर्यंत. कंटाळा आला की ती मला चावायची. तुम्हाला वर सांगितले ते व्रण तिचेच. ते आता माझ्या खालच्या बाजूला गेले आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत, पण आहेत.

मी तेव्हा रॅम्प नव्हतो. तरी माझं काम तेच होतं, असं मला हल्ली वाटतं.

बॉक्स क्रमांक २

लखनौचं पुढचं मी सांगतो.

बदली होऊन आलो तेव्हा मैत्रेयी नऊ वर्षांची होती आणि चौथीत जाणार होती. तोवर तिला चाकांची खुर्ची मिळाली होती, आणि हात असे तयार झाले होते की वसाहतीतल्या गुळगुळीत रस्त्यावर ती सायकलवाल्या मुलांना मागे टाकायची. शाळेने प्रवेश दिला. नियम आहे, द्यावाच लागतो, आणि इथल्या मुख्याध्यापिका मालिनी सक्सेना मॅडमनी तो हसत दिला. फक्त वर्ग व्हरांड्यावर, आणि व्हरांड्याला तीन पायऱ्या.

त्यावरचा उपाय शाळेच्या दृष्टीने सोपा होता. रोज सकाळी शिपाई रामआसरे भैया आणि व्हॅनचा ड्रायव्हर खुर्ची दोन्ही बाजूंनी धरत आणि मैत्रेयीला वर नेऊन ठेवत. रामआसरे मनाने गोड माणूस. "चलो बिटिया, पालकी उठी," म्हणून तो हाक द्यायचा, मुलं हसायची. मैत्रेयी हातांनी खुर्चीच्या बैठकीची कड घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. एकदा ड्रायव्हरचा पाय सटकला. ती पडली नाही, पण त्यानंतर डोळे मिटणं रोजचं झालं.

हे मला घरी कळलं. ती घरी फार बोलायची नाही. आईवडील मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि उत्तर सहसा "कुछ नहीं" एवढंच असायचं. एका संध्याकाळी मात्र बाबांनी तिच्या खुर्चीच्या चाकात तेल घालता घालता विचारलं, शाळा कशी आहे गं, मैतू? ती म्हणाली, "पप्पा, सब मुझे सामान की तरह उठाते हैं."

घरात अकरा बॉक्स होते. अकराही जणांनी ते वाक्य ऐकलं. उचलणं म्हणजे काय ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पुढच्या रविवारी निकमांनी माझ्यावरची गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि पाना-हातोडी घेऊन माझ्यासमोर बसले. प्रतिमा स्वयंपाकघरातून आली.

"अहो, पाहुणे आले तर कुठे बसणार?"

"खाली."

"आणि बदली आली तर भांडी कशात नेणार?"

माझं झाकण तोवर निघालं होतं.

संध्याकाळपर्यंत माझी एक रुंद, मजबूत फळी तयार झाली. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मालिनी मॅडमची परवानगी घेऊन त्यांनी मला पायऱ्यांवर टेकवलं. मैत्रेयी खालून जोर घेऊन आली. पुढची चाकं चढली. मागची चढली. अर्ध्यावर तिचे दंड थरथरायला लागले आणि खुर्ची माझ्यावरून मागे घसरली. प्रतिमा मागे उभी होती. तिने खुर्ची नडगीवर झेलली. पुढचे पंधरा दिवस त्या नडगीवर जांभळा डाग होता.

मला फार वाईट वाटलं. मी नीट टेकलो होतो, हललो नव्हतो, मोडलो नव्हतो. मी फक्त आखूड होतो.

एक इंच, एक फूट

फिजिओथेरपीच्या ताईंनी नियम सांगितला: एक इंच वर जायचं तर एक फूट लांबी लागते. नाहीतर मूल एकटं चढत नाही.

पायरी पाच इंच.

पायऱ्या तीन.

म्हणून पंधरा इंच, म्हणून पंधरा फूट.

एका बॉक्सची लांबी पावणेचार फूट.

निकमांनी कागदावर भागाकार केला आणि कागद प्रतिमापुढे ठेवला. तिने उत्तर वाचलं: चार. मग ती उठली आणि दुसऱ्या दिवाणावरची गादी तिने स्वतः काढली.

बॉक्स क्रमांक ११

तीन रविवार लागले. सात, दोन, अकरा, चार. आम्ही चौघे उघडे पडलो, तासले गेलो, एकमेकांच्या पुढे लागलो. घसरायला नको म्हणून निकम आणि प्रतिमा अमीनाबादेत जाऊन रबरी चटई घेऊन आले. गर्दीत ती लांबलचक गुंडाळी दोघांनी दोन टोकांना धरून रिक्षापर्यंत आणली. प्रतिमा नंतर शेजारणीला सांगत होती की लोकांना वाटलं आम्ही मंडप घालायला निघालोय.

आता मित्रांनो, मी एक चूक सांगणार आहे. ती वाईट माणसाची चूक नाही. ती ज्याचं सगळं आयुष्य बदल्यांत गेलं अशा माणसाचीच होऊ शकते.

निकमांच्या घरात न हलणारी एकही वस्तू नव्हती. पलंग खोलून ठेवता येणारा. कपाट घडीचं. कुंड्याही अशा की टेम्पोत ओळीने बसाव्यात. जी वस्तू उचलून नेता येत नाही ती चांगली वस्तू नव्हे, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. म्हणून त्यांनी मला चार सुट्या तुकड्यांत केलं, मधल्या जोडांना खिट्ट्या लावल्या, आणि बॉक्सची जुनी लोखंडी कडी प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी पुन्हा बसवली. उचलायला सोपं जावं म्हणून.

मालिनी मॅडमना त्यांनी अभिमानाने दाखवलं. पाच मिनिटांत लागतो, पाच मिनिटांत निघतो. मॅडमना ते फारच आवडलं.

"बहुत अच्छा, निकम साहब. जब ज़रूरत होगी, निकाल लिया करेंगे."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यात राग नाही, नकार नाही. माझं सगळं दुःख त्यातून निघालं.

पहिला दिवस सोमवार होता. मैत्रेयी व्हॅनमधून उतरली. रामआसरे सवयीने पुढे झाला आणि तिने मान हलवून त्याला थांबवलं. वर व्हरांड्यात तिच्या बाकावर बसणारी चेतना उभी होती. चेतना बोलकी, जरा आगाऊ, आणि प्रत्येक गोष्टीची शर्यत करणारी. ती मोठ्याने मोजायला लागली. मी खाली होतो आणि माझ्यावर चाकं होती. तळहात कड्यावर बसत होते, सुटत होते, पुन्हा बसत होते. सातवरून दोनवर. दोनवरून अकरावर. माझ्यावर आल्यावर ती क्षणभर थांबली, श्वास घेतला, आणि चारवर गेली. मग चाकं फरशीवर गेली आणि आमच्यावरचं वजन निघून गेलं. ते निघून जाणं मला आजही आठवतं.

त्या वर्षी मी किती वेळा वाट पाहिली ते मोजलं नाही.

शाळा सुटली की मला काढून जिन्याखालच्या स्टोअरमध्ये ठेवायचे. तिथे मोडकी बाकं आणि बँडचे ढोल होते. सकाळी रामआसरे मला बाहेर काढायचा. पण रामआसरे रजेवर गेला की स्टोअरची किल्ली कुणाला सापडायची नाही. किल्ली सापडली तर तुकड्यांचा क्रम कुणाला ठाऊक नसायचा, आणि मैत्रेयी खालून सांगत राहायची, पहले चार नंबर, नहीं नहीं, उल्टा. तोवर प्रार्थना संपायची. "इतनी देर में तो उठा लेते," असं एखादे सर म्हणायचे, आणि उचलायचे.

मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावरून घसरगुंडी खेळायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण एका मुलाचा गुडघा फुटला आणि तेव्हापासून मधल्या सुट्टीत मला काढून ठेवायचे. मैत्रेयी वर, खेळ खाली. चेतना काही दिवस तिच्याबरोबर वर थांबली. मग तीही खाली जायला लागली. तिचं वय दहा होतं, तिला दोष देऊ नका. मैत्रेयी कठड्याशी बसून खाली चाललेल्या लंगडीचे गुण मोजायची.

मी स्टोअरमध्ये. ती वर. आमच्यात एक दार आणि तीन पायऱ्या.

बॉक्स क्रमांक ४

३ डिसेंबरला दिव्यांग दिन असतो. शाळेने कार्यक्रम ठरवला होता, त्याचं नाव: सगळी मुलं एकत्र शिकतात ती शाळा. पाहुणे येणार होते. व्यासपीठ व्हरांड्यावर होतं, पायऱ्यांवर लाल गालिचा अंथरायचा होता, आणि मी गालिच्याच्या आड येत होतो. मला लावलंच नाही.

मी हे सगळं स्टोअरमधून ऐकलं. माइकचा आवाज दारातून आत येत होता.

मैत्रेयीने भाषण करायचं होतं. वर्गाच्या बाईंनी तिला ते लिहून दिलं होतं, आणि ती आठ दिवस पाठ करत होती. आमची शाळा सर्वांची आहे, असं त्यात होतं. पाहुणे बसले. मग बाहेरून खुर्ची उचलतानाचे आवाज आले. या वेळी चौघं होते, कारण फोटो काढायचा होता. कुणीतरी म्हणालं, इधर देखिए, बेटा, मुस्कुराइए.

मग माइकवर तिचा आवाज आला.

"नमस्ते. मुझे अभी चार लोगों ने उठाकर यहाँ रखा है. मेरा रैंप स्टोर में है. मुझे उठाइए मत, उसे लगा दीजिए. धन्यवाद."

टाळ्या कुठे वाजवायच्या ते कुणाला कळेना. एका खुर्चीचा पाय फरशीवर घासला. एक माणूस खोकला.

थोड्या वेळाने स्टोअरचं कुलूप उघडलं. दारात रामआसरे होता आणि त्याच्या मागे रेशमी साडीतल्या मालिनी मॅडम. रामआसरे म्हणाला की आप रहने दीजिए, मैडम. त्यांनी पदर खोचला आणि माझं एक कडं स्वतः धरलं. गालिचा गुंडाळला गेला. सगळ्या पाहुण्यांसमोर मला जागेवर लावलं.

त्या दिवशी मैत्रेयीचं चढणं राहून गेलं होतं. उतरणं तरी तिचं झालं. पाहुणे चहा घेत होते, तेव्हा ती माझ्यावरून एकटी खाली आली आणि मैदानात गेली.

आम्ही चौघे

आता पुढचं आम्ही एकदम सांगतो. कारण यानंतर आम्हाला कुणी सुटं केलं नाही.

मालिनी मॅडमनी निकमांना बोलावलं आणि मला कायमचं बसवायला सांगितलं. निकम हो म्हणाले. त्याच आठवड्यात, तीन वर्षं व्हायच्या आतच, त्यांच्या बदलीचा हुकूम आला. मार्चमध्ये तांबरमला हजर व्हायचं होतं. इथून पार दक्षिणेला.

एका रविवारी तिघंही शाळेत आले. निकमांच्या हातात ड्रिल मशीन होतं, पण ते त्यांनी खाली ठेवलं होतं, कारण प्रतिमाने त्यांना थांबवलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. आपण चार बॉक्स मोडले, दिवाण मोडले, मी सगळी थंडी पाहुण्यांना चटईवर बसवलं. हा रॅम्प निघतो, ट्रकमध्ये बसतो. तिथल्या शाळेत काय पायऱ्या नसतील? मुलीला पुन्हा पहिल्यापासून उचलू द्यायचं?

तिचं काहीच चुकत नव्हतं. मित्रांनो, मला तर मनातून तिचंच म्हणणं हवं होतं. बॉक्सला जावंसंच वाटतं. कुलूप लागावं, नाव लिहावं, आणि आपल्या माणसांबरोबर निघावं.

निकम आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "चूक माझीच आहे. कडी मी लावली. उचलता येईल असं केलं, म्हणून त्यांनी उचलून ठेवलं." मग त्यांनी मैत्रेयीला विचारलं, तू सांग. तुझा आहे.

मैत्रेयीने पायऱ्यांकडे पाहिलं. त्या वर्षी शाळेत बालवर्गात वेदिका नावाची एक मुलगी आली होती. चार वर्षांची, पायांना पट्ट्या, हातात चाकांचा वॉकर. तिची आई रोज सकाळी तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढायची आणि वॉकर मागून रामआसरे आणायचा. वेदिका कधी रडायची नाही. सगळ्यांना वाटायचं की तिला हे चालतं.

मैत्रेयी नेहमी हिंदीत बोलायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"आई, वेदिकाला अजून सांगता येत नाही. मला येतं. मी तिथे सांगेन."

प्रतिमाने वाकून ड्रिल उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

आठ बोल्ट. प्रत्येक तुकड्याला दोन, खाली काँक्रीटपर्यंत. धूळ उडाली, आवाज झाला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागेचा झालो. मग निकमांनी स्क्रू फिरवून माझी आठही कडी काढली आणि पिशवीत टाकली. म्हणजे माझे हात आता तांबरमला आहेत.

शेवटच्या दिवशी मैत्रेयीने विशेष काही केलं नाही. उशीर झाला होता, व्हॅनवाला भोंगा वाजवत होता. ती उतरली आणि गेली. निरोप घ्यायची ही रीत तिला पाठ होती. मला नव्हती. आम्ही आजवर नेहमी बरोबर निघालो होतो.

हल्ली

या गोष्टीला चार वर्षं झाली.

वेदिका आता तिसरीत आहे. वॉकर खडखडवत ती माझ्यावरून चढते, आणि कुणी दंड धरायला आलं की कोपर मारते. हे तिला कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. माझ्यावरून कॅन्टीनचे सिलिंडर जातात, पाण्याचे जार जातात, आजीआजोबा गॅदरिंगला येतात तेव्हा माझ्याच बाजूने येतात. मला बसवल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मधल्या सुट्टीची घसरगुंडी पुन्हा सुरू झाली, आणि मला काढता येत नाही म्हणून मॅडमनी घसरण्याच्या वेळा ठरवून दिल्या. रामआसरे दर दिवाळीला मला रंग द्यायचा. तो निवृत्त झाल्यापासून रंग नाही. चटई टोकाला झिजली आहे. दोन नंबरच्या तुकड्यात पावसाचं पाणी मुरतं आणि एक फळी मऊ पडत चालली आहे. कुणी वाकून पाहिलं तर कळेल. अजून कुणी वाकलेलं नाही.

माझी तक्रार त्याबद्दल नाही.

गेल्या वर्षी पालकसभा होती. चेतना आता उंच झाली आहे. आईची वाट बघत ती माझ्या कडेवर बसली, आणि आईच्या फोनवर आलेला एक व्हॉइस मेसेज तिने लावला. तो आवाज ओळखायला मला एक शब्दही पुरला.

मैत्रेयी सांगत होती की तिथली शाळा छान आहे, समुद्र लांब आहे, इडलीचा कंटाळा आला आहे. मग म्हणाली, "यहाँ चार सीढ़ियाँ हैं, यार. मैंने बोला है. लिखकर भी दिया है. वो कहते हैं, हो जाएगा. तब तक दो भैया उठाते हैं. मैं आँखें बंद कर लेती हूँ." शेवटी तिने विचारलं, "मेरा रैंप कैसा है?"

चेतनाने फोन खाली केला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा फोटो काढून पाठवला. त्या फोटोत वेदिकाचा वॉकर आला आहे. तिला तो दिसला असेल.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच हिशोब करतो. चार पायऱ्या, प्रत्येकी पाच इंच धरले तर वीस फूट. मी पंधराच आहे. म्हणजे मी निघून गेलो असतो तरी पुरलो नसतो. हे कळूनही जावंसं वाटायचं थांबत नाही. कधी दुपारी ऊन तापलं की माझी लाकडं ताणतात आणि बोल्ट करकरतात. मुलांना वाटतं की मी जुना झालो. मी जुना झालोच आहे, पण तो आवाज त्याचा नाही.

मित्रांनो, मी बोल्टांनी बांधलेला आहे. तुम्ही नाही. उद्या शाळेत गेलात की दारापाशी थांबा आणि पायऱ्या मोजा. मग त्यांची उंची मोजा. एका इंचाला एक फूट. सुरुवात कशीही करा, जुन्या फळ्यांनी करा, पण ते उचलून ठेवता येईल असं करू नका. आणि ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारा. त्याला अजून सांगता येत नसेल, तर ज्याला येतं त्याने सांगावं. माझी दोन नंबरची फळीही कुणीतरी बदला. वेदिकाला अजून बरीच वर्षं इथे शिकायचं आहे.

पहिल्या सोमवारी मैत्रेयी त्या तीन पायऱ्या एकटी चढली. चेतनाने अडतीसपर्यंत मोजलं होतं.